अनोळखी विषयाचं चित्रपुस्तक मुलांसमोर उघडण्याआधी

चित्रपुस्तकात मजकूर तो केवढा! कित्येक पुस्तकांत पाचशे शब्दही नसतात. त्यामुळे हातात आलं की उघडायचं आणि वाचायला लागायचं, हीच सवय पडते. विषय मांजर, पाऊस, आजी, झोप असा असला तर तसं खपूनही जातं, कारण मुलाला त्यातलं अर्धंअधिक ठाऊक असतं. पंचाईत होते ती पुस्तक अंटार्क्टिकातल्या पेंग्विनचं, समुद्राच्या तळाचं, चंद्रावर गेलेल्या माणसाचं किंवा अगदी वेगळ्या तऱ्हेने जगणाऱ्या कुटुंबाचं असलं की. तिसऱ्याच पानावर प्रश्न येतो, "देवमासा पाण्यात राहतो, मग श्वास कुठून घेतो?" वाचणारा एकतर "कळेल हं पुढे" म्हणून पान उलटतो, नाहीतर छोटेखानी व्याख्यान सुरू करतो. पहिल्यात प्रश्न मरतो, दुसऱ्यात गोष्ट.

अशा पुस्तकाची तयारी करायची ती आपल्याला कमी बोलता यावं म्हणून. ज्याला विषय नीट माहीत असतो तो एका वाक्यात उत्तर देऊन गोष्टीकडे परत येतो. अर्धवट माहिती असलेलाच लांबण लावतो. खालची पद्धत साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांना धरून लिहिली आहे. घरी एकट्या मुलाला मांडीवर घेऊन वाचणारे आणि बालवाडीत वीस जणांसमोर वाचणारे, दोघांनाही ती चालते. फरक पडतो तिथे तसं म्हटलं आहे.

आधी एकट्याने वाचा, तीन तऱ्हांनी

पहिल्यांदा पुस्तक सरळ, मनातल्या मनात वाचा. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, आतल्या पुठ्ठ्याला चिकटलेल्या रंगीत पानांसकट. अनोळखी विषयांच्या पुस्तकांत बऱ्याचदा शेवटी बारीक टायपात लेखकाचं टिपण असतं. ते मुलांसाठी नसतंच, तुमच्यासाठी असतं, आणि नेमकं तेच वाचायचं राहून जातं.

दुसऱ्यांदा मजकूर हाताने झाकून नुसती चित्रं बघा. हे वाचन सगळ्यात महत्त्वाचं. कॅनडातल्या मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. पुस्तक वाचून दाखवलं जात असताना मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर होती, अक्षरांकडे क्वचितच वळत होती. म्हणजे तुम्ही एक पुस्तक वाचत असता आणि मूल त्याच वेळी दुसरं वाचत असतं. ते दुसरं पुस्तक तुम्हाला आधी माहीत हवं.

चित्रांकडे बघताना एक वेगळाच अडथळा लक्षात येतो. विषयच नव्हे, चित्राची भाषाही मुलाला अनोळखी असू शकते. जहाजाचं पोट कापून आतल्या खोल्या दाखवलेल्या असतात. मुलाला ते फुटलेलं जहाज वाटतं. एकाच पानावर तीच मुलगी चार ठिकाणी धावताना काढलेली असते. आपण "ती पळत गेली" असं वाचतो, मूल म्हणतं "या चौघी कोण?" गोल चौकटीत मोठा करून दाखवलेला मुंगीचा डोळा मुंगीपेक्षा मोठा दिसतो. शेपटीमागच्या तीन रेघा म्हणजे वेग, डोक्यावरचा ढग म्हणजे विचार, हे सगळं शिकावं लागतं. नऊ महिन्यांची बाळं तर छापलेली वस्तू पानावरून उचलायला बघतात. तेव्हा ज्या चित्रात कापलेला भाग, मोठा केलेला भाग किंवा एकच पात्र अनेकदा असेल तिथे खुणेची चिठ्ठी लावा. वाचताना तिथे बोट फिरवत एवढंच म्हणायचं, "हे आतून दिसतंय हं, भिंत काढली तर दिसेल तसं."

तिसऱ्यांदा मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. जीभ कुठे अडखळते ते कळतं आणि किती वेळ लागेल तेही. छापाईत मोठ्या कागदाच्या घड्या पडून आठ किंवा सोळा पानांचे जुडगे होतात, म्हणून बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. सुरुवातीची-शेवटची पानं वजा केली की गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या बारा-चौदा जोड्या उरतात. प्रत्येक जोडीवर अर्धा मिनिट थांबलात तर सहा मिनिटांचं पुस्तक बारा-तेरा मिनिटांचं होतं, आणि तीन वर्षांचं मूल तोवर उठून गेलेलं असतं. म्हणून थांबायच्या जागा आधीच ठरवा. पहिल्या वाचनाला दोन, फार तर तीन.

काय माहीत नाही, याची तीन ढिगांत वाटणी

सगळ्या तयारीचा गाभा हाच, म्हणून एक उदाहरण पूर्ण घेऊ. समजा पुस्तक एका सम्राट पेंग्विन बाबाचं आहे. आई अंडं देऊन समुद्रावर गेली आहे. बाबा बर्फात उभा राहून अंडं सांभाळतो. वादळ येतं, घोळका होतो, पिल्लू बाहेर येतं, आई परतते.

मुलाला यातलं काय ठाऊक नसेल त्याची यादी करा. अंटार्क्टिका कुठे आहे, एवढी थंडी म्हणजे काय, सूर्य दिसतच नाही असा हिवाळा, पक्षी असून उडत नाही हे, अंडं पायावर का, आई एवढे दिवस कुठे, सगळे चिकटून का उभे, समुद्रात काय खातात. यादी सहज डझनावर जाते. आता ती तीन ढिगांत वाटा.

पहिला ढीग: जे कळल्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही. इथे ते एकच आहे. अंडं बर्फाला टेकलं तर गोठेल. हे माहीत नसेल तर बाबा नुसताच उभा आहे, गोष्टीत काही घडतच नाही. हे माहीत असेल तर प्रत्येक पानावर जीव मुठीत.

दुसरा ढीग: जे पुस्तक स्वतःच सांगतं. घोळका का करतात हे चित्रात दिसतं, आई कुठे गेली ते दोन पानांनंतर येतं. याला हात लावू नका. पुस्तकाने राखून ठेवलेली गोष्ट आपण आधीच फोडून टाकतो, ही वाचून दाखवणाऱ्यांची फार जुनी खोड आहे.

तिसरा ढीग: जे कळलं नाही तरी बिघडत नाही. अंटार्क्टिका पृथ्वीच्या तळाशी आहे, तिथले ऋतू उलटे असतात, वगैरे. मोठ्यांना पृथ्वीचा गोल काढून सुरुवात करायचा भारी सोस असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या गोलावरून काडीचाही बोध होत नाही. त्याला शेजारचं गाव आणि दुसरं खंड दोन्ही सारखेच, म्हणजे "लांब". गोल सहा-सात वर्षांच्या मुलाला दाखवा, तोही गोष्ट झाल्यावर.

अनुभव असा की पहिल्या ढिगात एक ते तीनच गोष्टी उरतात. पाच-सहा उरल्या तर वाटणी पुन्हा करून बघा, किंवा ते पुस्तक या वयासाठी लवकर आहे असं समजा.

पहिल्या ढिगातली गोष्ट वाचनाआधी मुलापर्यंत पोहोचवायची, आणि शक्यतो शब्दांविना. पेंग्विनसाठी मुलाच्या तळहातावर बर्फाचा खडा ठेवा आणि दहापर्यंत मोजा. सातला बहुतेक मुलं हात झटकतात. "आता यावर इवलंसं अंडं ठेवलं तर?" एवढं विचारून पुस्तक उघडा. अर्ध्या मिनिटाचं काम. बर्फाचा खेळ रंगवत बसलात तर पुस्तक बाजूला पडेल आणि फरशी ओली होईल, ते वेगळंच.

माहिती किती जमवायची?

तासाभरात जमेल तेवढी. मुलांसाठीच लिहिलेलं एखादं चांगलं माहितीपुस्तक आणि मोठ्यांसाठीचा एखादा विश्वासाचा लेख, असे दोन वेगवेगळे स्रोत पुरतात. दोन्हींत सारखं असेल तेवढं घ्यायचं.

पेंग्विनच्या पुस्तकाआधी एवढं आपल्या खिशात असावं. सम्राट पेंग्विन साधारण ११५ सेंमी उंच असतो, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढा. मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्राकडे जाते. नर सुमारे ६५ दिवस ते पायांवर, पोटाच्या कातडीच्या घडीखाली धरून उभा असतो, आणि या काळात काहीही खात नाही. तापमान शून्याखाली ४० अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली जातं. घोळका स्थिर नसतो, हळूहळू सरकत असतो, त्यामुळे कडेचे आत येत राहतात. आई यायच्या आधीच पिल्लू बाहेर आलं तर बाबा त्याला अन्ननलिकेत तयार होणारा दुधासारखा पदार्थ भरवतो.

यातलं वाचताना किती सांगायचं? विचारलं तर एखादं. आणि मुलं काय विचारतात ते बरंचसं ठरलेलं असतं. प्राणी कुठलाही असो, प्रश्न येतात ते असे: काय खातो, कुठे झोपतो, शी कुठे करतो, चावतो का, त्याची आई कुठे आहे, तो खरा आहे का, तो मेला का. या सात प्रश्नांची एकेका वाक्यातली उत्तरं कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मलपृष्ठाच्या आत ठेवा. शेवटच्या प्रश्नाची सोय आधीच असलेली बरी.

उत्तर असं द्यायचं की ते मुलाला परत पानाकडे नेईल.

"बाबा, तो जेवत का नाही?"
"जेवण समुद्रात आहे. तो तिकडे गेला तर अंडं कोण सांभाळेल?"
"आई!"
"आई कुठे दिसते का बघ बरं."

पान उलटायला मूलच हात पुढे करतं.

जे खरंच माहीत नाही त्यासाठी "माहीत नाही, शोधू या" हे उत्तर उत्तम, पण एका अटीवर: शोधायचं. त्याच दिवशी, मुलासमोर. तीन वेळा "शोधू या" म्हणून सोडून दिलंत की मुलाला ते "गप्प बस"चं दुसरं रूप आहे हे बरोबर कळतं.

पुस्तकच चुकीचं असेल तर

चित्रपुस्तकांत चुका भरपूर असतात, आणि विषय अनोळखी असला की त्या आपल्याही नजरेतून सुटतात. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर खेळताना दिसतात. खरं तर अस्वलं उत्तर ध्रुवाकडची आणि पेंग्विन जवळजवळ सगळे दक्षिण गोलार्धातले, त्यांची भेट होणंच शक्य नाही. चंद्रकोरीच्या पोकळीत चांदणी काढलेली असते, पण तिथे चंद्राचाच अंधारलेला भाग असतो, त्याच्या आरपार तारा दिसणार कसा? बर्फाच्या स्फटिकाला आठ पाकळ्या काढतात, असतात सहा. इंद्रधनुष्यात तांबडा रंग आत घालतात, तो बाहेरच्या कडेला हवा. फुलपाखरू रेशमी धाग्यांच्या कोशातून बाहेर येतं, पण रेशीम विणतात ते पतंगांचे सुरवंट. बहुतेक फुलपाखरांचा कोश उघडा, कडक कवचाचा असतो.

अशा चुकीवर गोष्ट मध्येच अडवायची गरज नाही. वाचून संपल्यावर त्या पानावर परत या: "चित्रकाराने इथे गंमत केलीय. हे दोघं खरे कधी भेटतच नाहीत." पाचच्या पुढची मुलं यावर खूश होतात आणि मग प्रत्येक पुस्तकात चुका शोधत सुटतात. तो त्रास गोड मानून घ्यावा. मात्र सगळी गोष्टच चुकीवर उभी असेल तर दुसरं पुस्तक शोधा.

बोलणाऱ्या, कपडे घातलेल्या प्राण्यांचं काय? मला त्यांचं वावडं नाही. पण पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं की प्राण्यांना माणसासारखं बोलायला-वागायला लावलेल्या पुस्तकांतून मुलं त्या प्राण्याबद्दलची खरी माहिती कमी उचलतात आणि माणसाचे गुण त्याला जास्त चिकटवतात. ससा बोलला तर फारसं बिघडत नाही, कारण खरा ससा कसा असतो हे मुलाने कुठेतरी पाहिलेलं असतं. पण ज्या प्राण्याला मूल पहिल्यांदाच भेटतं आहे, त्याची पहिली ओळख टोपी घालून होऊ नये. आधी साध्या, खऱ्यासारख्या चित्रांचं पुस्तक घ्या, गमतीचं नंतर.

फोटोचंही असंच. दीड वर्षाच्या आसपासची मुलं पुस्तकात पाहिलेल्या नव्या वस्तूचं नाव प्रत्यक्ष वस्तूला लावू शकतात, पण चित्र जितकं खऱ्यासारखं तितकं ते त्यांना सोपं जातं. तेव्हा रंगवलेल्या, मजेदार चित्रांचं पुस्तक असेल तर त्या गोष्टीचा एक खरा फोटो जवळ ठेवा. एकच. आणि तो गोष्ट संपल्यावर दाखवा. फोन हातात घेऊन व्हिडिओ लावलात की पुस्तकाचं काम तिथेच आटोपलं. चित्र वर येणारी, पट्ट्या ओढायची पुस्तकंही नव्या विषयासाठी तेवढी बरी नाहीत. लहान मुलांचं सगळं लक्ष पट्टीत जातं, माहिती मागे राहते.

शब्द

इंग्रजीतल्या मुलांच्या पुस्तकांत दुर्मीळ शब्दांचं प्रमाण शिकलेल्या मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांपेक्षाही जास्त आढळतं, असं हेज आणि आरेन्स यांनी १९८८ मध्ये मोजून दाखवलं होतं. कुठल्याही भाषेतलं चित्रपुस्तक चाळलं तरी हे पटतं. आपण घरात दिवसभरात "हिमनग", "दीपगृह", "विवर" कितीदा म्हणतो? म्हणून अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द घालून वाचू नका. पुस्तकाने दिलेला शब्द हीच तर मिळकत.

पण सगळ्याच शब्दांवर थांबायचं नाही. तीन-चार निवडा. गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारे, आणि चित्रात बोट ठेवून दाखवता येणारे आधी घ्या. अर्थ वाचनाच्या ओघातच सांगायचा, आवाज किंचित खाली आणून: "बोटीसमोर हिमनग आला, समुद्रात तरंगणारा बर्फाचा डोंगर, आणि कप्तानाने घंटा वाजवली." मूल वाक्य सोडून बाहेर पडत नाही. शब्दकोशातली व्याख्या कामाची नाही, ती आधी घरच्या बोलीत उतरवून चिठ्ठीवर लिहा. ऐनवेळी सुचत नाही.

"हिमनग म्हणजे काय माहितीये का कोणाला?" असं वीस मुलांना विचारू नका. चार मुलं चार चुकीची उत्तरं देतील, आणि लक्षात राहील ते सगळ्यात मोठ्याने दिलेलं.

विशेषनामं, परकी गावं, माणसांची नावं यांचा उच्चार आधी ऐकून घ्या. नाव अडखळत वाचलं की मुलांना ते हसण्याजोगं वाटतं, आणि त्या नावाचं माणूसही.

माप, अंधार, वजन: अंगाला कळेल असं काहीतरी

चित्रात देवमासा आणि मुंगी दोघंही एक एक पान व्यापतात. आकार हीच मुलाला चित्रातून सगळ्यात कमी कळणारी गोष्ट, आणि अनोळखी विषयांत नेमका आकारच महत्त्वाचा असतो. इथे थोडी मेहनत घ्या.

निळा देवमासा ३० मीटरपर्यंत लांब भरतो. तेवढी सुतळी मोजून गुंडाळी करून ठेवा. लांब व्हरांड्यात किंवा मैदानात एक टोक मुलाच्या हातात द्या आणि दुसरं घेऊन चालायला लागा. मूल सुरुवातीला हसतं. सुतळी संपतच नाही म्हटल्यावर हसणं थांबतं आणि ते ओरडतं, "अजून?" वर्ग असेल तर मुलांना सुतळीलगत डोक्याला पाय लावून झोपवा. पंचवीस-सत्तावीस मुलं लागतात. त्यानंतर पुस्तकात देवमाशाशेजारची होडी बघून मुलं स्वतःच म्हणतात की होडी लहान आहे.

पेंग्विनसाठी भिंतीवर ११५ सेंमीवर खडूची रेघ पुरे. मूल तिथे पाठ टेकवून उभं राहतं आणि पेंग्विन बदकाएवढा नाही हे त्याला कळून चुकतं.

समुद्रात हजार मीटरच्या खाली सूर्याचा उजेड पोहोचत नाही. खोलीत अंधार करून टॉर्चच्या उजेडात ती पानं वाचा, पण दार किलकिलं ठेवा, आणि अंधाराला घाबरणारं मूल असेल तर टॉर्च त्याच्याच हातात द्या. चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं. १८ किलोचं मूल तिथे ३ किलोसारखं हलकं होईल, म्हणजे जवळजवळ नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं. हे सांगितलं की चांद्रवीर उड्या मारत का चालतो ते वेगळं समजावावं लागत नाही.

ज्वालामुखीच्या पुस्तकाबरोबर सोडा आणि व्हिनेगरचा फेस काढायची प्रथा आहे. मजा येते, पण ज्वालामुखी तसा चालत नाही. तिथे वितळलेला खडक असतो, हजार अंशांच्या आसपास तापलेला, आणि मुलाच्या डोक्यात राहतो तो थंडगार साबणासारखा फेस. मी तो करत नाही. करायचाच असेल तर खेळ म्हणून, दुसऱ्या दिवशी.

एका पुस्तकाला असं एकच काहीतरी. सुतळीही, टॉर्चही, मुखवटेही केलेत तर जत्रा होते.

वेगळ्या माणसांची पुस्तकं

प्राणी आणि चंद्र एकवेळ सोपे. तंबूत राहणारं कुटुंब, चाकांच्या खुर्चीवरून शाळेत जाणारी मुलगी, युद्धामुळे घर सोडून निघालेला मुलगा, यांच्या पुस्तकात चूक महागात पडते. अमेरिकन अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिलं की पुस्तक कुणासाठी खिडकी असतं आणि कुणासाठी आरसा. वाचून दाखवणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे: तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी एखाद्यासाठी ते आरसा असू शकतं, आणि तुम्हाला ते माहीत नसेल.

म्हणून पहिलं काम, लिहिणारा-चित्र काढणारा त्या जगण्याला किती जवळून ओळखतो ते बघा. मलपृष्ठावर बहुधा कळतं. गोष्ट आजची आहे की शंभर वर्षांपूर्वीची तेही पाहा. जुन्या पोशाखातली चित्रं दाखवून "तिकडे असं राहतात" म्हणणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. वाचताना "ते लोक" म्हणण्याऐवजी पात्राचं नाव घ्या. "हे कुटुंब असं करतं" म्हणा, "तिकडचे सगळे" नको.

"बिचारी!" हा शब्द गिळा. चाकांच्या खुर्चीवरची मुलगी गोष्टीत शर्यत जिंकायला निघाली असेल तर मुलाचं लक्ष शर्यतीवर हवं. मुलं खुर्चीबद्दल विचारतीलच. "तिचे पाय चालत नाहीत, म्हणून ती चाकांवर जाते" हे पूर्ण उत्तर आहे. त्यात उसासा मिसळला की मुलं उसासाच शिकतात.

वर्गात तसं जगणारं मूल खरंच असेल तर आधी त्याच्या आईवडिलांशी बोला, आणि वाचताना सगळ्यांसमोर "तू सांग ना, तुझ्याकडे कसं असतं?" असं त्याला उभं करू नका. सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगेल.

मरण, आजार, भीती

यासाठी वाक्यं आधी तयार हवीत, कारण ऐनवेळी गळा दाटतो आणि तोंडून भलतंच निघतं. लहान मुलाला चालेल असं वाक्य: "तो मेला, म्हणजे त्याचं शरीर चालायचं थांबलं. आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येणार नाही." "झोपला", "लांब गेला" असं सांगू नका. ज्या मुलाला रात्री झोपायचं आहे आणि ज्याची आई सकाळी कामाला लांब जाते, त्याला ते शब्द फार जड जातात.

घाबरट मुलाला शेवट आधीच सांगून टाका: "पिल्लू शेवटी सापडतं हं, आता बघू कसं." रहस्य जातं, पण मूल मांडीवर टिकतं. अशी पुस्तकं दिवसा वाचावीत, पुढे तासभर तरी मोकळा असेल तेव्हा. वर्गात वाचणार असाल तर पालकांना आधी कळवा. नुकतंच कुणाच्या घरात काही घडलेलं असू शकतं.

प्रत्यक्ष वाचताना

पुस्तक दोन्ही बाजूंच्या मुलांना दिसेल असं छातीजवळ धरा, आणि पान उलटल्यावर मजकूर सुरू करण्याआधी दोन-तीन श्वास थांबा. नव्या विषयाचं चित्र डोळ्यांत मुरायला वेळ लागतो, ते बघून होईपर्यंत कानावर पडलेलं वाया जातं.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं की वाचताना मुलाला बोलतं केलं, त्याच्या उत्तरात थोडी भर घालून ते त्याला परत दिलं, तर त्याची भाषा लक्षणीय सुधारते. मूल म्हणतं, "मासा!" आपण म्हणायचं, "हो, मोठा मासा, आणि त्याच्या कपाळावर दिवा आहे." पद्धत चांगली आहे, पण अनोळखी विषयात ती दुसऱ्या वाचनापासून वापरावी असं माझं मत. पहिल्यांदा मुलाजवळ बोलायला काही नसतंच. जे पाहिलंच नाही त्याबद्दल "तुला काय वाटतं?" विचारलं की ते तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. पहिलं वाचन ऐकण्याचं आणि बघण्याचं. प्रश्न विचारायचा हक्क त्या दिवशी फक्त मुलाचा.

आणि मग पुन्हा, पुन्हा

जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांच्या दोन गटांना नवे शब्द तितक्याच वेळा ऐकवले. एका गटाला त्याच त्या गोष्टींतून, दुसऱ्याला वेगवेगळ्या गोष्टींतून. आठवड्याअखेर त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांना शब्द जास्त चांगले आले होते. तेव्हा पेंग्विनची पाच पुस्तकं आणण्यापेक्षा एकच पाच वेळा वाचा. दुसऱ्या वेळी गोष्टीबद्दल विचारा, तिसऱ्या वेळी वाक्याचा शेवट सोडून द्या आणि मुलाला पुरा करू द्या. पुढे एखाद्या दिवशी तिसऱ्या ढिगातलं काहीतरी काढा. पृथ्वीचा गोल आता चालेल.

मुलाला कळलं की नाही हे परीक्षा घेऊन बघू नका. खेळावर लक्ष ठेवा. दोन दिवसांनी ते पायांवर चेंडू ठेवून घरभर सरकत चाललं असेल तर झालं काम.

आणि नाहीच रमलं तर? दोनदा वेगवेगळ्या दिवशी प्रयत्न करून पुस्तक खालच्या कप्प्यात, मुलाचा हात पोहोचेल असं ठेवून द्या. त्याविषयी बोलू नका. सहा महिन्यांनी पुन्हा काढाल तेव्हा मूल मोठं झालेलं असेल आणि ढिगांची वाटणीही बदललेली असेल, म्हणून मलपृष्ठाच्या आतली चिठ्ठी फेकू नका. तिच्यावर तारीख टाका, आणि मुलाने खरोखर विचारलेले प्रश्न तिच्याच मागच्या बाजूला लिहून ठेवा.